ताजा बर्फ पडला की स्की विकायच्या नाहीत

दारात सकाळी सातपासून गिऱ्हाईक उभं आहे, भिंतीवर माल टांगलेला आहे, आणि तरी जी बाई विकत नाही तिचं डोकं फिरलेलं आहे, आणि डोकं फिरलेल्या बाईचं मृत्युपत्र कोर्टात टिकत नाही, असं माझा सख्खा भाऊ ट्रेव्हर गावभर सांगत सुटला आहे. पबमध्ये सांगून झालं, मेंढ्यांच्या लिलावात सांगून झालं. गेल्या महिन्यात तर टिमारूला एका वकिलाकडे जाऊन विचारून आला, की बहिणीचा कारभार आपल्या हातात घ्यायचा तर काय काय कागद लागतात. हे मला त्याच्याच बायकोने सांगितलं, तेही माझ्या दुकानात बसून, माझा चहा पिताना. तेव्हा मी आता लिहायला बसले आहे, आणि ज्याला वाचायचं त्याने शेवटपर्यंत वाचावं.

मी, रेविन मार्गारेट हॅसल, वय वर्षे चोपन्न, धंदा स्की भाड्याने देणे, विकणे व दुरुस्त करणे, राहणार ग्लेनारी, साउथ कँटरबरी, न्यूझीलंड, कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझं डोकं ठिकाणावर आहे, हृदयाची एक झडप तेवढी नाही. ती बदलायला अकरा जूनला मला क्राइस्टचर्चला भरती व्हायचं आहे. डॉक्टर म्हणतात बहुतेक जण उठून घरी जातात. बहुतेक म्हणजे सगळे नाहीत, एवढं कळण्याइतकी शाळा मी शिकले आहे.

शुद्धीबद्दल कोणाला शंका नको म्हणून डॉ. ॲलिस्टर पेन यांनी मला तपासलं. तारीख विचारली, पंतप्रधान कोण ते विचारलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मग हातातला कागद खिशात ठेवून म्हणाले, "रेविन, या सीझनला माझ्या बायकोसाठी कुठली जोडी घेऊ?" वेड्या बाईला कोणी हे विचारत नाही.

हे मी कोणाच्या धाकाने वा भुलावणीने लिहीत नाही. अक्षर माझं आहे. माझ्या वकिलाने कलमांना आकडे घातले आणि काही शिव्या काढल्या. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. लाइल हॅसल, माझा एके काळचा नवरा, सध्या मुक्काम क्वीन्सलँड, याला काही नाही. दक्षिणेचं वादळ येऊन गेल्यावर, मांडीपर्यंत ताजा बर्फ, वर निळं आभाळ, अशा दिवशी तो मला भेटला आणि तसल्या दिवशी डोंगरावर कोणीही देखणा दिसतो. पाऊस लागला तसा गेला. त्याचे बूट मागच्या खोलीत आहेत. ते टाकून द्यावेत.

२. माझ्या दुरुस्तीच्या बाकावरचं सगळं, म्हणजे स्की घट्ट धरून ठेवणारे दोन्ही शिकंजे, कड घासायच्या कानशी, मेणाची इस्त्री, आणि बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंग किती जोर लागल्यावर बूट सोडतं ते तपासायचं यंत्र, हे नायरे पोटिकीला. ती माझ्याकडे कामाला लागली तेव्हा तिच्या हाताला कानस लागून रोज रक्त यायचं. आता तिने लावलेली धार नखावर फिरवली तर नख सोलून निघतं. पुढच्या कलमात दुकान कोणालाही जावो, बाक नायरेचा. त्यावर कोणाची हरकत चालणार नाही.

३. ट्रेव्हरला बाबांच्या मासे धरायच्या काठ्या आणि त्यांची होडी. त्यात तो खरोखर हुशार आहे. तिथे गिऱ्हाईक स्वतःच तोंड उघडून येतं. शिवाय त्याने गेल्या ऑगस्टमध्ये विकलेल्या स्कींपैकी सर्वांत रुंद जोडी त्याला द्यावी. का, ते पुढे येतंच आहे.

४. दोर. विक्रीच्या भिंतीपुढे खिळ्याला जो जाड, तेलकट दोर गुंडाळून टांगलेला आहे, तो आमच्या डोंगरावरच्या पहिल्या दोराचा तुकडा आहे. ज्या दोराला कमरेचा आकडा अडकवून लोक वर ओढले जायचे, तोच. बाबांनी तो दुकानात आणला शोभेला. मी त्याला काम दिलं. रात्री बर्फ पडला की सकाळी हा दोर विक्रीच्या भिंतीपुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधायचा. त्या दिवशी स्की भाड्याने मिळतील, हव्या तशा, हव्या तेवढ्या. विकत मिळणार नाहीत. वारा येऊन जाऊ दे, एक रात्र गोठू दे, मग या.

कारण साधं आहे. माणूस स्की विकत घेतो तो आठवणीतल्या एका दिवसासाठी. ताज्या बर्फात त्याला वाटतं आपण उडतोय, आणि त्या नशेत तो एकशेपंधरा मिलिमीटर कंबर, म्हणजे बुटाखालची रुंदी, असलेली होडी घेऊन जातो. आमच्या डोंगरावर काही रोज पिठासारखा बर्फ नसतो. आज दक्षिणेचा बर्फ, परवा वायव्येचा गरम वारा आणि पाऊस, मग रात्री गोठून सकाळी काच. वरच्या धारेवर वाऱ्याने बसवलेली पापडी, दुपारी खाली लापशी. हे सगळं एकाच दिवसात, एकाच तिकिटावर. रुंद स्की काचेवर कड टेकवायलाच वेळ लावते, तोवर माणूस कुंपणात. अरुंद आणि कडक घ्यावी तर लापशीत नाक खुपसते.

तेव्हा बाबा रे, सगळ्याला चालेल अशी एक जोडी हवी तर कंबर पंच्याऐंशी ते ब्याण्णव, जास्त हाव नको. टोक थोडं वर उचललेलं, म्हणजे मऊ बर्फात बुडत नाही. पायाखाली मात्र धनुष्यासारखा वाक पाहिजेच, कड तिथूनच चावते. आत धातूचा एखादा पत्रा असावा, नाहीतर पापडीवर दात वाजतात. पण फार कडकही नको, दुपारी मांड्या तुमच्याच असतात. उंची हनुवटी ते कपाळ यांच्या मधे. नवशिका असेल तर हनुवटीकडे. गिऱ्हाइकाला "तुम्हाला किती चांगलं येतं?" असं विचारू नये. सगळे खोटं बोलतात, बायका कमी सांगतात, पुरुष जास्त. विचारावं, की मागच्या वेळी पडलात तेव्हा बर्फ कसा होता. त्यावर कोणी खोटं बोलत नाही.

आता गेल्या ऑगस्टचं, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्याचं. मला तपासण्यांसाठी क्राइस्टचर्चला ठेवून घेतलं होतं आणि दुकान ट्रेव्हरकडे होतं. रात्रीतून गुडघाभर बर्फ पडला. सकाळी नायरेने दोर बांधला, ट्रेव्हरने सोडला. ती म्हणाली, रेविनला फोन करते. तो म्हणाला, रेविनला नळ्या लावल्यात, तिला झोपू दे. दुपारपर्यंत भिंत मोकळी. संध्याकाळी मला फोन करून सांगतो काय, "रेव्ह, तू सीझनभर विकतेस तेवढं मी एका सकाळी विकलं. तुझा दोर मी गाडी ओढायला नेला."

चौथ्या दिवशी वायव्येचा वारा आला. पाऊस पडला, मग आभाळ मोकळं होऊन कडक गोठलं. शनिवारी डोंगरावर नुसती काच. डगल मॅकफी, खालच्या खोऱ्यात मेंढ्या पाळतो, शांत माणूस, पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याने नवी जोडी घेतली होती. वरच्या वळणावर स्की वळलीच नाही. गुडघा तीन जागी मोडला. पुढे कोकरं जन्मायचे दिवस, आणि हा कुबड्यांवर, कुंपणाला टेकून शेजाऱ्यांना हाका मारतोय. ट्रेव्हर म्हणतो, कोणीही कुठेही पडतं. पडतं ना. म्हणून काय पाडायचं?

मी घरी आल्यावर दोर परत आणून खिळ्याला टांगला आणि दारावर पाटी लावली, की त्या सकाळी घेतलेली प्रत्येक जोडी परत आणा, ओरखडे असले तरी चालतील, पैसे पूर्ण मिळतील. जवळजवळ सगळ्या आल्या. डगलची जोडी मी स्वतः जाऊन आणली. तो म्हणाला, "रेविन, तू असतीस तर मला दिली नसतीस ना?" मी म्हणाले, नसती दिली. तो म्हणाला, "मी चिडलो असतो." मी म्हणाले, चिडला असतास, आणि चालत असतास.

ट्रेव्हरच्या वेडाच्या पुराव्यात हे सर्वांत वर आहे: विकलेला माल परत घेणारी बाई. त्या जोड्या मी आता भाड्याच्या रांगेत लावल्या आहेत. ताजा पडला की सकाळी घेऊन जातात, संध्याकाळी हसत परत आणतात. मजा त्यांना मिळते, गुडघा त्यांच्याकडेच राहतो. यात वेडेपणा कुठे आहे ते टिमारूच्या वकिलाने मला दाखवावं.

५. दुकान, त्यामागचं घर, जमीन, भाड्याचा सगळा माल आणि बँकेत असेल ते. खरी गोष्ट ही आहे आणि ट्रेव्हरची नजरही इथेच आहे. त्याला तिथे सुट्टीतल्या लोकांसाठी दोन मजली खोल्या बांधायच्या आहेत. त्याला यातलं काही मिळणार नाही, त्याच्या मुलांना नाही, त्याच्या ओळखीच्या बिल्डरलाही नाही. तो कोर्टात गेला तर जावो. न्यायाधीशांनी एकदा आमच्या डोंगरावर काचेच्या सकाळी यावं, जोडी मी फुकट देईन. मी नसले तर नायरे देईल.

हे सगळं माझी मुलगी ब्रायडी हिला द्यावं, एका अटीवर. ताजा बर्फ पडला की दोर बांधायचा. जोवर दुकान तिचं आहे तोवर. अट मान्य नसेल, किंवा सात जून दोन हजार एकोणीसच्या संध्याकाळी पाचपर्यंत तिने उत्तर दिलं नाही, तर हे सगळं, काही न वगळता, नायरे पोटिकीचं. वकील म्हणाले असं लिहिता येतं. मी विचारून घेतलं आहे.

ब्रायडी जपानात, होक्काइडोला, स्की शिकवते. तिथे हिवाळाभर रोज नवा बर्फ पडतो. गेल्या महिन्यात फोनवर अटीचं सांगितलं तर हसली. म्हणाली, "आई, तुझा दोर इथे लावला तर दुकान सीझनभर बंदच राहील." हसण्यासारखं आहे, मीही हसले. मग म्हणाली, "लोकांना एक दिवस सुखाचा हवा असतो गं. तू त्यांना वीस वाईट दिवस विकतेस."

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, धाप लागली होती. आता देते. डोंगरावर वाईट दिवसच जास्त असतात. चांगला दिवस फळकुटावर बसूनही निघतो, त्यासाठी दुकान लागत नाही. मी माणसाला पाऊस पडून गोठल्यानंतरच्या सकाळी उभं ठेवते. माझा धंदा तेवढाच आहे, आणि त्याची मला लाज नाही.

नायरेला मी हे सांगितलं तेव्हा ती कानस खाली न ठेवता म्हणाली, "ती येईल. बर्फ खाऊन खाऊन कंटाळेल." मी विचारलं, आणि नाही आली तर? म्हणाली, "तर मला खुर्ची बदलावी लागेल, तुझी पाठीत टोचते." तेवढंच. हिला दुकान मिळावं म्हणून ही माझ्याशी गोड बोलते असं ट्रेव्हर म्हणतो. नायरे कोणाशीही गोड बोललेली मी अजून ऐकलेली नाही.

६. माझं काय करायचं. जाळावं. भाषणं नकोत. सभागृहात चहा, चीज रोल आणि मटण भरलेल्या पेस्ट्री ठेवाव्यात, पेस्ट्री गरम असाव्यात. राख शिखरावर उधळू नये, तिथे वारा आहे, ती ट्रेव्हरच्या डोळ्यांत जाईल. डोंगरावरच्या गाडीतळाला जो चढ आहे, जिथे दर जुलैमध्ये लोक बूट घालून घसरतात, तिथे गोठलेल्या सकाळी पसरावी. राखेवर पाय घसरत नाही.

७. याची अंमलबजावणी माझ्या वकिलांनी करावी. वरीलप्रमाणे मी समजून उमजून, उजेडात, चष्मा लावून सही केली आहे. साक्षीदारांना मी मुद्दाम काही ठेवलेलं नाही, म्हणूनच ते साक्षीदार होऊ शकले. दोघांनी तक्रार करू नये.

सही: रेविन मार्गारेट हॅसल

आम्हा दोघांसमोर एकाच वेळी सही केली:
ॲलिस्टर जॉन पेन, डॉक्टर, ग्लेनारी
शर्ली ॲन म्यूर, बेकरी, ग्लेनारी

ठिकाण: ग्लेनारी. दिनांक: एकवीस मे दोन हजार एकोणीस.

सहीच्या खाली लिहिलेलं मृत्युपत्रात धरत नाहीत, असं वकील म्हणाले. धरू नये, हे कोर्टासाठी नाहीच.

ब्रायडी, याची एक प्रत तुला आजच टाकते आहे. तू "बघू" म्हणतेस, आणि तुझं "बघू" मी तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून ऐकते आहे. ऑपरेशनला जाताना माझ्यामागे भिंतीपुढे कोण उभं राहणार ते मला माहीत असलं पाहिजे. तुला यायचं नसेल तर रागावणार नाही, नायरे उभी राहील आणि नीट उभी राहील. पण ते मला आत नेण्याआधी कळलं पाहिजे, नंतर नाही. कारणं नकोत, मामाचं काय म्हणणं आहे ते नको, तिकडे किती बर्फ पडतो ते नको. दोर बांधशील की नाही? शुक्रवार, सात जून, आमच्याकडे संध्याकाळी पाचला दुकान बंद होतं. त्याच्या आत फोन कर आणि एक शब्द सांग.