आतून आलेली हाक

२ सप्टेंबर

आले बाई एकदाची डेन्मार्कच्या या टोकाला, लेमविगला. ऑफिसात पाऊल टाकलं तर माझ्या टेबलावर छोटासा झेंडा उभा केलेला आणि शेजारी दालचिनीचे रोल. बोडिलबाई, म्हणजे आमच्या साहेबीण, म्हणाल्या, झेंडा आजच्यापुरताच, उद्यापासून तुझं कौतुक बंद. पश्चिम जटलंडच्या माणसाकडून एवढं मिळालं म्हणजे मिठीच मारली समजायचं.

खिडकीतून समोर वृद्धनिवास दिसतो, त्याच्यामागे फियोर्ड, म्हणजे समुद्राची खाडी. अकरा नंबरच्या बाल्कनीत लाल जिरॅनियमची झाडं आहेत, ती आईची. खरं तर तिच्यासाठीच ही नोकरी धरली. कोपनहेगनहून दर रविवारी फोनवर 'बरी आहेस ना' विचारायचा वीट आला होता. संध्याकाळी गेले तर दार उघडताच म्हणाली, "आलीस का सिसे? किती वाळलीस गं." सगळ्या जगाला मी सिडसेल, सिसे म्हणणारी ती एकटीच.

५ सप्टेंबर

निवासाचा सगळा कारभार आमच्या ऑफिसच्या संगणक-सिस्टिमवर चालतो: कुलपं, हीटर, जेवण, दारावरच्या पाट्या. ती वेर्नर नावाच्या गृहस्थांनी लिहिली. ते आता निवृत्त होऊन मासे धरतात. कुणी वारलं की नर्स नोंद करते, डॉक्टर सही करतात, आणि मगच सिस्टिम आतल्या आत एका कामाला हाक मारते. त्या कामाचं नाव '_निघाले'. ते खोलीला कुलूप लावतं, हीटर थंड करतं, ताट बंद करतं, पाटी पुसतं. नवीन माणूस राहायला आलं की '_आले'.

नावाआधीची ती खालची रेघ ही वेर्नरांची खूण. हे घरातलं काम आहे, ब्राउझरमध्ये पत्ता टाकून कुणी बाहेरून हाक मारली तर ओ द्यायची नाही. सिस्टिम ज्या तयार सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर्कवर, उभी आहे तो ही रेघ पाळतो. तो सांगाडा आता फार जुना झालाय आणि नवा बसवायला मला आणलंय. मजेचं काम आहे.

१२ सप्टेंबर

नवा सांगाडा बसला. त्याला रेघेचा अर्थ कळतो का ते बघावं म्हणून ब्राउझरमध्ये पत्ता टाइप केला, शेवटी '_निघाले' आणि खोलीचा आकडा, सात. 'असं पान नाही' यायला हवं होतं. पांढऱ्या पानावर एकच शब्द आला: झालं.

आणि ती चाचणीची प्रत नव्हती. खरी होती. ब्राउझरच्या दोन्ही खिडक्या सारख्याच दिसतात आणि मी मूर्खासारखी चुकीच्या खिडकीत होते.

सातमध्ये आक्सेल थोरूप राहतात, पूर्वी फेरीबोटीवर होते, चांगले ठणठणीत आहेत. घाईघाईने तसाच '_आले'चा पत्ता टाकला. झालं. पाटी परत आली. बोडिलबाई हसल्या, म्हणाल्या, वर जाऊन आला म्हातारा, आता तिथल्या कॉफीबद्दल तक्रार करेल. नव्या सांगाड्याला रेघ कळत नाही हे तरी कळलं. बंदोबस्त पुढच्या आठवड्यात करेन.

१४ सप्टेंबर

दुपारी आईबरोबर निवासात जेवले. आक्सेलना ताट वाढलेलं नव्हतं. संगणकाच्या पडद्यावर ताट चालू दिसत होतं. मी बोट दाखवल्यावर स्वयंपाकघरातली रिक्के 'हो की' म्हणाली, ताट ठेवलं, आणि ते काटा उचलत असतानाच परत उचलून नेलं. मी चिडले, तर ती माझ्याकडेच विचित्र बघायला लागली.

आक्सेलना काही वाटलं नाही. कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून बसले होते. मी विचारलं, कुठे चाललात? म्हणाले, "निघायचं सांगितलंय." कुणी सांगितलं? "आतून."

१७ सप्टेंबर

दोन्ही कामं पक्की बंद केली. आता नुसत्या रेघेच्या भरवशावर नाही. बाहेरून कुणी कितीही हाका मारल्या तरी तिथे दारच नाही. फक्त आतून मारलेली हाक चालेल. बोडिलबाई म्हणाल्या, वाईट नाही. म्हणजे खूश आहेत.

१९ सप्टेंबर

आक्सेल गेले, झोपेतच. कुणी रडलं नाही. रिक्के म्हणाली, मला वाटलं ते मागच्याच आठवड्यात गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. माझ्यामुळे झालं का हे?

२३ सप्टेंबर

नोंदीत '_निघाले' दिसतंय, खोली नऊ. नर्सची नोंद नाही, डॉक्टरांची सही नाही, ब्राउझरही नाही. हाक आतून आली.

धावत गेले. नऊमधल्या गेर्डाबाई कोट घालून बसलेल्या. हीटर गार. परत येऊन '_आले'चा पत्ता टाकला: असं पान नाही. बरोबर, मीच बंद केलं ते. बाहेरून परत आणायची वाटही त्यातच गेली.

वेर्नरांना फोन केला. म्हणाले, रेघ बाहेरच्यांसाठी होती, आत आलेल्यासाठी मी काही लिहिलंच नव्हतं.

दार उघडं होतं त्या दिवसांत काहीतरी आत आलं. आणि मी त्याच्यामागे कडी लावली.

२४ सप्टेंबर

बोडिलबाईंना सांगितलं, त्या दोन कामांना मी लावलेलं कुलूप काढू दे, गेर्डाबाईंना परत आणू, ते जे आहे त्याला बाहेर जाऊ दे. म्हणाल्या, शुक्रवारी पालिकेची तपासणी आहे, त्यानंतर बघू. मी ओरडले. त्या शांतपणे कॉफी ढवळत राहिल्या. कोण गेर्डा, म्हणाल्या.

२६ सप्टेंबर

अकरा.

आई कोट घालून बसली होती. मी बटणं काढली, कोट कपाटात टाकला, तिचे हात चोळले. कॉफी करून वळले तर पुन्हा अंगात कोट. जेवलीस का सिसे, एवढंच विचारलं. हात बर्फासारखे. मला भीती वाटतेय, फार भीती वाटतेय. उद्या सकाळी कुणालाही न विचारता कुलूप काढणार. आधी ते, मग बाकी सगळं.

२७ सप्टेंबर

तपासणी झाली. वाईट नाही, म्हणाले.

सकाळी कुलूप काढायचं ठरवलं होतं. कशासाठी ते— राहू दे. चांगलं काम झालंय, कशाला हात लावा. बेकरीतून दोन केक आणले. दोन का आणले कोण जाणे. एक बोडिलबाईंना दिला.

२८ सप्टेंबर

आज बरं वाटतंय. काहीच वाटत नाहीये खरं तर. समोरच्या बाल्कनीत कुणाचीतरी लाल जिरॅनियम सुकत चालली आहेत. लोक झाडं सोडून जातात—

३० सप्टेंबर

अकरा नंबर रिकामा आहे. नवीन माणूस यायचंय म्हणून कुलूप तपासायला मलाच पाठवलं. खोली गार. कपाटात एक हँगर. खिडकीतून माझं टेबल दिसतं—

खुर्चीत कोणीतरी आहे असं वाटलं. कोट घातलेली एक बाई. पाटी कोरी आहे, म्हणजे कुणी नसणार. मी कुलूप फिरवून बघितलं, चालतंय. बाहेर पडताना मागून—

'सिसे' अशी हाक—

मला सिसे म्हणणारी जगात एकच—