माझ्या खुणेची मेंढरं

प्रिय संपतराव,

पत्र असंच सुरू करतात म्हणून प्रिय लिहिलं. मोडलेल्या हाताची तकलीफ कमी झाली असंल. मी नेम डोक्याचाच धरला होता, पण तुमचा एडका मधी घुसला. डोकं वाचलं, हात गेला. अंजली म्हणे, आजी, तू सांग, मी लिहिते. आता नातीला काय सांगू, शेजारच्या म्हाताऱ्याला काहून हाणलं? दोन यत्ता शिकले, त्यातच भागवते.

तुमी माझ्या जागी असता तर काय केलं असतं? कातरणी झाली की आपण मेंढरांच्या पाठीवर रंग मारतो. माझा लाल, तुमचा हिरवा, सासऱ्याच्या काळापासून. अन् दिवेलागणीला तुमच्या मेंढवाड्यात बघते तर सगळ्या पाठी लाल. चोर, म्हणलं. लांडगा लोळवला होता तोच कुऱ्हाडीचा दांडा उचलला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तुमी बोंबलला न्हाई. मातीत पडल्या पडल्या एवढंच म्हणलात, "पंचफुलाबाई, आधी तुमची मोजून या."

मोजली. एक कमी न्हाई. म्हणजे लाल रंग तुमी तुमच्याच मेंढरांना मारला होता. सगळा कळप माझ्या खुणेखाली आणून गप बसलात, हिला कधी दिसतंय ते बघत. अहो, तोंड दिलंय ना देवानं? बोलला असता तरी हाणलंच असतं, ते खरं. अंजलीचा आजा गेला तवा तुमी भाकरी बांधून आणली होती, त्या दिवशीबी माझ्या हातचा धोंडा खाल्लात. डोळ्यात पाणी यायच्या आत माझा हात उठतो. त्याला मी काय करू.

दवाखान्यात सांगितलंत, एडक्यानं धडक दिली. ज्यानं डोकं वाचवलं त्याच्यावरच आळ. मग तुमची लेक शितल म्हणणारच, अप्पा, मेंढरं विका अन् हिंगोलीत माझ्यापाशी राहा. तुमी व्हय म्हणलात म्हणे. तवापासून तुमची मेंढरं मीच चारून राहिले, ते कुणी विचारलं न्हाई. काल तिनं धाडलेला व्यापारी टेम्पो घेऊन आला. एडका आधी कसायाला, म्हणे. टेम्पोची काच फोडली. तो खाली उतरला, मग त्याचं नाक फोडलं. गाव गोळा झालं. सगळ्यांदेखत सांगितलं, खूण बघ, ही मेंढरं माझी हायेत. रक्त पुसत म्हणला, बाजाराच्या दिवशी संपतरावालाच घेऊन येतो.

म्हणून हे पत्र. त्याच्यासंगं येऊ नका. त्याच्या आधी या, एकटे, सेनगावच्या एसटीनं. आपल्या दोन वाड्यांमधलं काट्याचं कुंपण मी उपटलं, हाताची सालटी निघाली. कळप एक झालाय. तोंडावरून कुणाचं कुठलं ते मला ओळखू येतं, पण मी सांगणार न्हाई. वेगळी करायची तर तुमीच येऊन करा, एका हातानं जमलं तर. दांडा अंजलीकडं दिलाय. कुठं लपवलास ते मला सांगू नको, म्हणलंय. यावेळी भाकरी आणू नका. मी थापते.

तुमचीच,
पंचफुला