राणीचा बिल्ला आणि थोरल्याचा टाक

ठाणे, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी, संध्याकाळ.

सूनबाई, दूध चुलीवर ठेवून विसरतेस, तसं माझं बोलणं अर्धं टाकू नकोस. सांगते तसंच वहीत लिही.

आज मैदानात पेन्शनरांची वर्षाची कवायत झाली. लढाईत गेलेल्यांची नावं पुकारतात, तेव्हा त्यांच्या आया सरकारी बिल्ला हातात धरून उभ्या राहतात. माझा थोरला काबूलला गेला नि तिथेच राहिला. विलायतेच्या राणीचं तोंड असलेला त्याचा चांदीचा बिल्ला मी सोनाराकडून वितळवून घेतला आणि लेकाच्या नावाचा टाक करून देवघरात बसवला. राणीला कशाला पुजू?

तोच टाक घेऊन गेले. कारकून म्हणाला, "म्हातारे, बिल्ला नाही तर नाव नाही."

"अरे, चांदी तीच आहे, नुसतं तोंड बदललंय!"

मेला हसला, पण नाव पुकारलं नाहीच.

चुकलं का माझं? देवात बसवला म्हणून सरकारातून पुसला गेला?

तेवढ्यात थोरल्याच्या पलटणीतला म्हातारा हवालदार रांगेतून चालता चालता माझ्यापुढे थांबला. टाकाला सलाम ठोकला. मागचे त्याच्यावर आदळले, साहेब ओरडला, तरी हात खाली येईना. टाक आता देवघरात आहे, माझं मन मात्र अजून मैदानातच. चांदी तीच ना गं?

उद्या अमावास्येला थोरल्याच्या नावाचं पान वाढशील, ते हवालदाराकडे पाठव. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. भाकरी मऊ कर. सलाम कडक असला तरी त्याच्या तोंडात दात एकही नाही.