सतरावं कलम आणि त्रेसष्टावा नंबर

मेहुणेराजांस,

भावोजींचा नमस्कार आणि ताईचे आशीर्वाद. (वयाने धाकटे तुम्ही, तेव्हा आशीर्वाद मीही द्यायला हवेत; पण तुम्ही आता नगरसभेचे सभासद आणि मी त्याच सभेच्या माईकांचा कंत्राटदार, म्हणून माझ्याकडून नमस्कारच बरा.) इकडे आम्ही दोघं मिळून दीड माणूस ठणठणीत आहोत. उरलेल्या अर्ध्याचा खुलासा पुढे येईल. तुमच्या सौभाग्यवती आणि लेक मजेत असतील. तुमची तब्येत विचारत नाही, कारण तुमच्या घशाची बातमी तुमच्या घरच्यांच्या आधी माझ्या हेडफोनात येते. परवाच्या सभेत अकरा वीसला तुम्ही तीनदा खोकलात. त्यातला तिसरा कोरडा होता. मिठाच्या पाण्याने गुळण्या करा आणि सभेतलं थंड पाणी पिऊ नका. तो पाण्याचा जग कोण कधी विसळतो हे मला माहीत आहे.

'तुम्ही' लिहितोय म्हणून बुजू नका. एका कर्ण्यावर धंदा सुरू केला तेव्हा त्या कर्ण्यात डोकं अडकवून बसलेला सहा वर्षांचा मेहुणा मी पाहिलेला आहे. शेजारपाजारचे म्हणाले, कर्णा कापा. मी म्हणालो, कर्णा नवा आहे. शेवटी ताईने तेल लावून डोकं सोडवलं, आणि मग आधी तुम्हाला एक धपाटा घातला आणि नंतर मला. तेव्हापासून तुमचं डोकं कुठे अडकलं की सोडवायला ताई लागते असा माझा अनुभव आहे. असो.

चार महिने झाले, तुम्ही घरी फिरकला नाहीत. पूर्वी दर रविवारी दुपारी तुमची चप्पल दारात वाजायची. ताई म्हणते, "कामात असेल." मी म्हणतो, "असेल." एवढं बोलून दोघंही आपापल्या ताटात बघतो. म्हणजे मी बघतो. ताईला ताट कुठे आहे ते सांगावं लागतं. तिच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पुरते पिकलेत. गेल्या आठवड्यात तिने कपाटाला लटकवलेल्या माझ्या कोटाला "उभे का? बसा ना," म्हटलं. कोट बसला नाही, तेव्हा "हल्ली लोकांना फार शिष्टपणा आलाय" म्हणून ती आत निघून गेली. चहात मीठ पडतं ते मी निमूट पितो, कारण एकदा तक्रार केली तर तिने भरपाई म्हणून भाजीत साखर घातली होती.

तुम्ही म्हणाल, भावोजी, तुमचं बरं चाललंय, चांगल्या खासगी दवाखान्यात न्या की! अहो, मी काय हातावर हात ठेवून बसलो होतो? पण तुमची बहीण एकतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होती, शेवटची नऊ वर्षं मेट्रन म्हणून. ती म्हणते, "जन्मभर मी लोकांना सांगितलं, इथे या, इथे बरे व्हाल. आता माझी वेळ आली तर मीच दुसरीकडे जाऊ? मग एवढी वर्षं मी काय थापा मारत होते?" यावरचं उत्तर मी अजून शोधतोय. (सभेत आवाजाच्या मशीनसमोर बसून भरपूर वेळ मिळतो.) मग मी माझ्या अकलेप्रमाणे एक डाव टाकला. म्हटलं, हिला दिसत तर नाही, सरकारी म्हणून खासगीत नेऊ. गाडीत बसवलं, गावभर चार वळणं जास्त घेतली आणि एका गुळगुळीत फरशीच्या दवाखान्याच्या दारात उतरवलं. ताई दोन पावलं आत गेली, थांबली, नाक वर केलं. "हे माझं इस्पितळ नाही. फिनेलचा वास नाही, कुणी कुणावर ओरडत नाही, आणि आल्यापासून दोघांनी मला मॅडम म्हटलंय." तिथून गाडीपर्यंत ती एकटी चालत गेली. कोणत्या दाराने ते तिने मला विचारलंही नाही. घरी येईपर्यंत आमच्यात जो संवाद झाला त्यात माझा वाटा फक्त हुंकारांचा होता.

तेव्हा सरकारी इस्पितळ. तिथले डोळ्यांचे डॉक्टर शिकाऊ असताना ताईच्या देखरेखीखाली होते, आणि अजून तिच्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ऑपरेशन वीस मिनिटांचं. हत्यारं तयार, खोली तयार, ते स्वतः तयार. फक्त डोळ्यात बसवायच्या लेन्स नाहीत. का नाहीत? तर तुमच्या सभेत अंदाजपत्रक मंजूर झालेलं नाही. ते होईपर्यंत नियम असा, की गेल्या वर्षी ज्या महिन्यात जी वस्तू जेवढी घेतली, तीच वस्तू तेवढीच यंदा त्या महिन्यात घ्यायची. आणि गेल्या वर्षी लेन्स घेतल्याच नव्हत्या, कारण आधीच्या शिल्लक होत्या! पहिल्या महिन्यात प्लॅस्टरच्या पट्ट्या आल्या, कारण गेल्या वर्षी तेव्हा जिना धुतल्यावर लोक पटापट घसरले होते. यंदा जिन्याला कठडा आहे, कुणी पडत नाही, पट्ट्या छतापर्यंत रचल्यात. डॉक्टर मला म्हणाले, "काका, पाय मोडून घेत असाल तर आत्ता घ्या, उत्तम सोय होईल." दुसऱ्या महिन्यात कुबड्या, त्यातही लहान मुलांच्या. आणि तिसऱ्या नि चौथ्या महिन्यात रंग. गेल्या वर्षी रंगकाम झालं होतं ना, म्हणून यंदाही. भिंती झाल्या, खिडक्या झाल्या, खाटा झाल्या, आणि रंग उरला म्हणून बाकडी झाली. ती ओली आहेत हे मला बसल्यावर कळलं. उठलो तेव्हा माझ्या पॅन्टवर मागे तीन हिरवे पट्टे होते. माझ्या शेजारी एक शिंपी बसला होता, त्याच्यावरही तेवढेच. तो म्हणाला, "चला, निदान गणवेश तरी मिळाला."

तो शिंपी यादीत पहिला. डॉक्टरांनी एक कार्ड दाखवलं, त्यावर ताईचा नंबर त्रेसष्ट. मग ते ताईच्या कानाशी वाकून (पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत) हळूच म्हणाले, "सिस्टर, कपाटात एक लेन्स आहे. एकच. तुमच्यासाठी जपून ठेवलीय." ताईने विचारलं, "यादीत पहिलं कोण?" डॉक्टर म्हणाले, "शिंपीकाका." "मग मला काय दाखवतोस? त्याला दाखव. जा, हात धू." झालं. शिंप्याचा एक डोळा उघडला. परवा येऊन त्याने माझी पॅन्ट फुकट उसवून हिरव्या पट्ट्यांचा कपडा बदलून दिला आणि ताईला म्हणाला, "बाई, सहा महिन्यांनी सुईचं भोक दिसलं. केवढं मोठं असतं हो ते!" तो गेल्यावर ताई बराच वेळ नुसती हसत होती. बाकी यादी होती तिथेच आहे, दोन नंबरपासून पुढे.

आता तुमच्या सभेकडे वळतो. मी मागच्या काचेच्या खोलीत बसतो म्हणून तुम्हाला वाटतं, मी मशीन ऐकतो. मी माणसं ऐकतो. तुम्ही चाळीस जण. वीस खिडकीकडे बसता, वीस दाराकडे. भांडण कशावरून? इस्पितळाचा खर्च अंदाजपत्रकात सतराव्या कलमात आहे. दाराकडचे म्हणतात, इस्पितळ ही पहिली गरज, तेव्हा ते पहिलं कलम करा, त्याशिवाय आम्ही हात वर करणार नाही. खिडकीकडचे म्हणतात, छापून झालंय, आकडे तेच आहेत, आधी मंजूर करा. आकड्यावर वाद नाही, कामावर वाद नाही, वाद जागेवर. पाच वेळा मतदान झालं, पाचही वेळा वीस-वीस. अध्यक्षांना जादा मत आहे, पण त्यांना दोन्हीकडून लग्नाची आमंत्रणं येतात, म्हणून ते चष्मा पुसतात आणि सभा पुढे ढकलतात. आणि तुम्ही, मेहुणेराजे, दाराकडे, शेवटून दुसरे. म्हणजे इस्पितळ पहिलं यावं म्हणून जे वीस जण इस्पितळ बंद पाडतायत, त्यांतले एक.

रागावून लिहीत नाही. चहाच्या सुट्टीत दोन्ही गटनेते एकाच खांबाआड उभे असतात, तेही मी ऐकलंय. खिडकीकडचे म्हणतात, "तुम्ही एक पाऊल मागे घ्या, मग आम्ही घेतो." दाराकडचे म्हणतात, "आधी तुम्ही." मग दोघं एकमेकांच्या गुडघेदुखीची चौकशी करतात आणि आत येऊन पुन्हा टेबलं बडवतात. (टेबलं बडवताना माईकवर बडवू नका असं मी तीनदा लेखी कळवलंय.) धंद्याचा नियम असा, की कानात पडलेलं पोटात ठेवायचं. चाळीस वर्षं मी तो पाळला. आज एकदाच मोडतो, आणि तोही ज्याचं त्याला सांगण्यापुरता.

तुमच्यासमोर हल्ली प्रत्येकी दोन माईक आहेत, कारण गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात चाळीस नवे माईक घेतले होते, म्हणून नियमाप्रमाणे यंदा आणखी चाळीस. दुसऱ्याचं बटण तुम्हा कुणालाच सापडलेलं नाही, त्यामुळे तो चालूच असतो. सभागृहात त्याचा आवाज मी सोडत नाही, फक्त माझ्या कानात येतो. पाचव्या मतदानानंतर सगळे उठले, तुम्ही पहिला माईक बाजूला सारलात, खाली बघितलंत, आणि म्हणालात, "ताईला तोंड कसं दाखवू?" मग नाक ओढलंत. मी लगेच बटण बंद केलं. देवाशपथ, पुढचं ऐकलं नाही.

तर तोंडाची काळजी करू नका. ताईला सध्या कुणाचंच तोंड दिसत नाही. या आणि बसा, तेवढ्याने तुम्ही माझ्या कोटापेक्षा बरे ठराल. माझं मागणं काही नाही. मतदानाबद्दल तुमच्याशी चकार शब्द काढायचा नाही अशी ताईची मला सक्त ताकीद आहे, आणि ती मी, तुम्ही पाहताच आहात, तंतोतंत पाळली आहे.

तुमच्या घशाची काळजी वाहणारा,
भावोजी

ता. क. येत्या मंगळवारी सहावं मतदान आहे. त्या दिवशी बरोबर बारा वाजता तुमचे दोन्ही माईक बंद पडतील. तक्रार करायला तुम्ही तावातावाने माझ्या काचेच्या खोलीत यायचं. त्या दाराची कडी जरा अडकते, कधी कधी दहा मिनिटं उघडत नाही. बाहेर मोजणी वीस विरुद्ध एकोणीस होईल, तुमचा हात खाली नाही आणि वरही नाही, तुमचे गटनेते माझ्यावर ओरडतील. मला सवय आहे. खोलीत चहा ठेवतो. साखरेचा.

ता. क. दुसरा. अंदाजपत्रक अडल्याने माझं काय बिघडतंय असं तुमच्या मनात आलं असेल, तर ते खरं आहे. वरच्या चाळीस माईकांचं काम मलाच मिळालं. त्या दिवशी मी खुशीत घरी आलो तर ताई म्हणाली, "ज्यांना दिसतंय त्यांना दोन-दोन तोंडं मिळाली. बरं झालं." तेव्हापासून ती खुशी माझ्या घशाखाली उतरलेली नाही. चहातल्या मिठासारखी ती जिभेवरच आहे.

ता. क. तिसरा. पत्र पुरं झाल्यावर ताईने ते वाचून दाखवायला लावलं. मी दोन्ही ता. क. गाळले. ती म्हणाली, "सहीनंतर बराच वेळ पेन खरखरत होतं. तेवढं वाचा." (कान फक्त माझेच तीक्ष्ण आहेत असा माझा चाळीस वर्षांचा समज होता.) मग पेन तिने घेतलं. खालच्या ओळी एकमेकींवर चढल्यात, सावकाश सोडवून वाचा:

'गुंड्या, यांचं ऐकू नकोस. कडी लावून लपायचं नाही. हात वर करायचा असेल तर आपल्या जागेवर बसून, सगळ्यांना दिसेल असा कर. माझ्यासाठी करू नकोस, माझ्याआधी एकसष्ट जण आहेत. मी त्रेसष्टावी आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. पहिलं कोण नि सतरावं कोण हे महत्त्वाचं नाही रे, यादी हलली पाहिजे. नाही केलास तरी रविवारी जेवायला ये. चप्पल वाजली की मी ओळखीन. ताई.'

ता. क. शेवटचा. पाकिटावरचा पत्ताही तिनेच हट्टाने लिहिलाय. टपालवाला बिचारा काय करणार? म्हणून हे पत्र मंगळवारी सकाळी मीच तुमच्या टेबलावर, दुसऱ्या माईकखाली ठेवतो. कडी काल दुरुस्त करून घेतली, आता ती अडकत नाही. तुमचे दोन्ही माईक चालू राहतील. वाचताना नाक ओढलंत तर मला ऐकू येईल.