ट्रक आहे, कंपनी नाही

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला आता बरा असेल. माझी तब्येत उत्तम आहे. फक्त मंगळवारपासून वासलेला आ मिटत नाहीये.

तुमच्या शिफारशीवर मी या मालवाहतूक कंपनीत चिकटलो, त्याला दीड वर्ष झालं. अकरा ट्रक, एक टेबल, मालकीणबाई आणि मी. या धंद्यात प्रत्येक कंपनीला चार इंग्रजी अक्षरांचा कोड असतो. कंपनीचं नाव काहीही असो, मोठ्या गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर आपल्याला त्या चार अक्षरांनीच ओळखतात. (ओळख पटवायला चेहरा पुरतो, ही माझी भाबडी समजूत.) हा कोड दरवर्षी अर्ज भरून चालू ठेवावा लागतो. तशी आठवण देणारं पत्र आलंही होतं. पण त्यावर इतकी उद्गारचिन्हं होती, की मला ती लॉटरीची जाहिरात वाटली आणि मी घडी करून ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

मंगळवारी सकाळी आमच्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरकाकांचा फोन आला. पाच हजार कोंबडीची पिल्लं (वय एक दिवस) घेऊन ते एका मोठ्या पोल्ट्रीच्या फाटकावर उभे. मागे चिवचिवाट, आणि काकांचा आवाज कापरा.

"अहो, आपण आहोत का?"

"म्हणजे?"

"फाटकावरची बाई म्हणते, अशी कंपनीच नाही. मी तिला ट्रक दाखवला. तर म्हणते, ट्रक आहे, कंपनी नाही."

मामा, बत्तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस स्वतःच्या असण्याची चौकशी करतोय, हे ऐकून मी उभ्याचा बसलो. (खुर्ची तिथे नव्हती.)

मालकीणबाईंच्या स्कूटरवर मागे बसून तिथे पोहोचलो. फाटकावरची बाई मनाने वाईट नव्हती. तिने चारदा कोड टाकून पाहिला आणि शेवटी पडदाच आमच्याकडे वळवला. आमच्या नावापुढे एकच शब्द: रद्द. ऊन चढत होतं आणि पिल्लांचा आवाज बारीक होत चालला होता. तो ऐकवेना, तसं मी टेबलाच्या पायाखालचं सगळं तिथेच कबूल केलं. मालकीणबाईंनी माझ्याकडे न बघता पर्समधून फोन काढला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनी फोन लावला तो थेट त्यांच्या दिराला! मामा, धंद्याची वाटणी झाल्यापासून नऊ वर्षं दोघांत बोलणं नाही. दिरांचा ट्रक रस्त्यात दिसला तर बाई मान फिरवतात, स्कूटर चालवत असल्या तरीही. (मागे बसणाऱ्याचे काय हाल होतात ते मला विचारा.) फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा कोड चालू आहे का?"

अर्ध्या तासात दीर स्वतः ट्रक चालवत हजर. बाई पदर खोचून पुढे झाल्या. तेच म्हणाले, "वहिनी, आधी पिल्लं."

फाटकापासून दहा पावलांवर पन्नास खोकी या ट्रकातून त्या ट्रकात गेली. दीर, बाई, काका, मी, आणि जेवणाची सुट्टी टाकून फाटकावरची बाईसुद्धा खोकी उचलत होती. तीच पिल्लं, तेच फाटक. आता मात्र कॉम्प्युटर चकार शब्द बोलला नाही. बावीस पिल्लं दगावली, बाकीची जगली. त्यानंतर दीर आणि वहिनी ट्रकाच्या सावलीत बराच वेळ उभे होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण बाई पदराने डोळे पुसत परत आल्या.

जुना कोड काही परत मिळाला नाही. नवा काल आला. बाईंनी मोठ्याने वाचला: जी, डी, एच, व्ही. काकांनी तो जोडून वाचला: "गाढव." कुणी हसलं नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. कोड देणाऱ्यांनी माझी नीट चौकशी करूनच तो दिलाय, अशी बाईंची पक्की खात्री आहे.

असो. काळजी नसावी, नोकरी शाबूत आहे. मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा,
भाचा

ता. क. : अर्जात पसंतीची अक्षरं लिहायला एक रकाना होता. तो मीच घाईत कोरा सोडला. बाईंना हे कळू देऊ नका.

ता. क. दुसरा : ही अक्षरं सोमवारपर्यंत अकराही ट्रकांच्या दोन्ही दारांवर रंगवायची आहेत. साऱ्या घराण्यात पाट्या रंगवण्यात हयात गेलेले तुम्ही एकटे. अक्षरांत एवढं अंतर ठेवा, की कुणाला जोडून वाचता येऊ नये. तुम्ही येणार, असं मी तुम्हाला न विचारताच बाईंना सांगून बसलोय.

ता. क. शेवटचा : हे पत्र ज्यांनी तुमच्या हातात दिलं, तेच ते ड्रायव्हरकाका. ते तुमचं वाचून होईपर्यंत दारातून हलणार नाहीत. ब्रश घ्या आणि ट्रकात बसा; रिकामी गाडी घेऊन परतायची त्यांना सवय नाही.