भाऊबीजेची शेळी आणि अध्यक्षांचे चर

मु. लिंबाळवाडी, ता. उदगीर, जि. लातूर
(उस्मानाबाद लिहू नये. जिल्हा नवा झाल्यापासून तुमची पत्रं आधी तिकडं फिरून येतात.)

राजमान्य राजेश्री माणिकप्पा मेव्हणे, मुक्काम मुखेड, यांस गुरुपादप्पाचा शरणार्थ. महादेवाच्या कृपेनं आम्ही उभयता खुशाल आहोत, तुमच्या गुडघ्याचं कसं काय ते कळवावं. तुमची बहीण शिवगंगा ठणठणीत आहे, आणि गेल्या सालच्या भाऊबीजेला तुम्ही ओवाळणीत घातलेली शेळी तर तिच्याहून ठणठणीत आहे. पत्रास विशेष कारण नाही. आनंद झाला आहे, तो कुणाला तरी सांगायचा आहे.

या दुष्काळात शेजारच्या गावांची जनावरं छावणीला गेली, आमचं एक वासरूही गेलं नाही. ही आमच्या माळाची करामत. मागच्या उन्हाळ्यात गावानं माळावर चराईबंदी केली आणि पावसाचं पाणी अडवायला उतारावर आडवे चर खणायचं ठरवलं. मी अध्यक्ष. (बिनविरोध. दुसरं कुणी तयार नव्हतं.) चावडीसमोर मी असं भाषण ठोकलं की टाळ्या थांबेनात, आणि दुसऱ्या दिवशी माळावर चिटपाखरू नाही. मीही गेलो नव्हतो, दुकान होतं. कायदा मात्र कडक केला होता: ज्याचं जनावर माळावर सापडेल त्यानं स्वतः चर खणायचा, गडी लावायचा नाही. खरं सांगतो, तो मी व्यंकटरावांच्या म्हशींसाठी केला होता.

सापडली तुमची शेळी. राखणीची पाळी पंचशीलाबाईंची. त्यांनी तिला कान धरून भर चावडीत आणलं. "अध्यक्ष, शेळी तुमची हाय न्हवं? मग कुदळ बी तुमचीच." मेव्हणे, मी जन्मात तराजूपेक्षा जड काही उचललेलं नाही. बघायला सगळा गाव माळावर लोटला. व्यंकटरावांना माझं खणणं बघवेना. "सरका, शेठ. चर खणायलाव का उंदराचं बीळ?" म्हणत त्यांनी कुदळ हिसकावली, आणि मग कुणालाच नुसतं उभं राहवेना. पुढं शेळी पुन्हा सुटली, मी पुन्हा खणलं, गाव पुन्हा आलं. असं कितीदा झालं विचारू नका. दाव्याची गाठ मी स्वतः मारतो, तरी सुटते. ती दातांनी सोडते असं माझं ठाम मत झालं आहे.

पण जेवढा पाऊस पडला तेवढा चरांत मुरला, आणि आज दारोदार गवताचे भारे रचले आहेत. परवा लातूरहून साहेब आले तेव्हा मी चरातच होतो. (शेळीमुळं.) अध्यक्ष स्वतः खणतो म्हणून त्यांनी माझा फोटो काढला आणि इतर गावांनाही हेच सांगणार म्हणाले. मला कारण सांगायला सवड मिळाली नाही. मेव्हणे, ऊर भरून आला.

आपला,
गुरुपादप्पा

ता. क. उदगीरच्या बाजाराला याल तेव्हा शेळी परत घेऊन जा. माझी कंबर राहिली नाही. शिवगंगेला यातलं काही बोलू नका.

अण्णा, पत्र टपालात टाकायला माझ्याकडंच दिलंय. शेळी नेऊ नका. उत्तरेचा उतार अजून राहिलाय, आन् ह्यांनी कुदळ धरल्याबिगर गाव उठत न्हाई. तेवढे चर झाले की मी दावं सोडायचं बंद करीन. — शिवगंगा