कणगीतले बी आणि गोदामामागची वाडी

प्रति,
मेहेरबान प्रांतसाहेब,
फिरतीचा मुक्काम आसनगाव, जिल्हा ठाणे.

अर्जदार : कमळू बिन नवसू, राहणार शेणव्यालगतचा पाडा, तालुका शहापूर.

विषय : धान्य तपासनिसाने कणगी फोडून नेलेल्या बियाबद्दल, व ते बी जिथे उगवले आहे ती जागा अर्जदारास राहण्यास मिळण्याबद्दल.

संदर्भ : अर्जदाराचे मागील अर्ज. त्यांचे काय झाले ते आपल्या शिरस्तेदारास विचारावे.

महोदय,

अर्जदार अक्षरे गुरांमागे शिकला आहे. भाषेत उणे-अधिक असल्यास त्याची माफी मागत नाही.

१. अर्जदार व त्याची बायको सावळी हे लग्नापासून दुसऱ्याच्या गोठ्याच्या पडवीत राहतात. गेल्या साली जमीनमालकाने माळाचा एक तुकडा कसायला दिला. बोली अशी की यंदा पेरा झाला तर तिथेच झोपडे घालून राहा. माळ ओसाड पडला तर वाट धरा. झोपड्याचा वासा अजून रानात उभा आहे, पण सावळीने दाराशी शेवगा, कुडावर कारली, छपरावर दुधी आणि आंबोशी वाळवायला उन्हाचे खळे असे सगळे ठरवून टाकले. नसलेल्या मोरीचे पाणी अळवाला जावे की केळीला, यावरून नवराबायकोत अबोलाही झाला. अर्जदार केळीच्या बाजूचा होता. हरला.

२. पेऱ्याचे भात, वाल व नाचणी राख घालून कणगीत भरली. सासू भिमी हिने मुरबाडकडून दुधी, काकडी व कारल्याचे बी पदराच्या गाठीत आणले, त्याच्या पुरचुंड्या त्याच राखेत पुरल्या आणि कणगी शेणाने लिंपून बंद केली. आमच्यात रीत अशी आहे की बियाची कणगी लिंपली म्हणजे आखातीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिच्यात काय आहे ते कोणी तोंडाने सांगायचे नाही. सांगितलेले बी किडते. भुकेल्या लेकराने विचारले तरी काही नाही म्हणायचे. पोटाला आम्ही रानातले करांदे उकडतो, मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या भाजतो. कणगीला हात लावत नाही.

३. शिमग्याआधी धान्य तपासनीस पडवीत शिरला. अर्जदार रानात होता. कणगीत काय आहे असे त्याने सावळीला विचारले. रीतीप्रमाणे ती म्हणाली, "काय नाय त्यात, दादा."

"काय नाही, मग लिंपलीस कशाला?"

"काय नाय ते बी लिंपूनच ठेवावं लागतं."

तपासनिसाने काठीने कणगी फोडली. भात निघाले. बाई खोटे बोलली, सबब साठेबाजी शाबीत, असे त्याने जागेवरच ठरवून कणगी राखेसकट पळसपाड्याच्या गोदामी नेली. सावळी त्या दिवसापासून मानते की त्याने "काय आहे" असे विचारले तेव्हाच बी बाटले. अर्जदार मानतो की तपासनीस चोर आहे. दोन्ही म्हणणी नोंदवावीत.

४. अर्जदार गोदामी गेला. ते बी आहे, खायचे धान्य नव्हे, असे त्याने हात जोडून सांगितले. तपासनीस पान खात म्हणाला, "शिजतं ते धान्य." त्यावर अर्जदार म्हणाला की शिजवायला बसले तर तपासनीस साहेबांच्या पायातली वहाणही शिजेल. अर्जदाराला धक्के मारून काढले. हे बोलल्याचे तो नाकारत नाही.

५. पुढे तपासनिसाने माल चाळला. भात, वाल व नाचणी रेशनच्या पोत्यांत गेली, ती लोकांच्या पोटात गेली. त्या धान्याचे भांडण संपले. राख आणि पुरचुंड्या मात्र शिजत नाहीत म्हणून गोदामामागे, पाण्याच्या रांजणाखाली फेकल्या. तिथे आज काकडी पसरली आहे, कारली कुंपणावर आहे आणि दुधी सरकारी पत्र्यावर चढला आहे. सावळीने जे छप्पर मनात शाकारले होते त्यावरचा वेल तपासनिसाच्या छपरावर आहे, आणि तपासनीस रोज भाजी खातो.

६. रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचे राब भाजून झाले. मृग तोंडावर आहे. माळावर टाकायला मूठभर बी नाही. सबब मागणे असे की, पेऱ्यापुरते भात तपासनिसाच्या घरच्या कोठीतून द्यावे. ते होत नसेल तर माळ गेलाच. मग गोदामामागची जागा अर्जदाराचे घरठाण म्हणून लिहून द्यावी. वाडी तयार आहे, माणसे तेवढी आणायची आहेत. हुकूम आला तर हुकमाने येऊ. नाही आला तरी मृगाला शेळी घेऊन येऊ. चौकीदाराला आधी सांगून ठेवावे.

७. शेवटचे. बियासाठी राखायच्या फळाला आमच्यात चिंधी बांधतात. त्याला गावातला चोरही हात लावत नाही. सावळीने कुंपणातून हात घालून एका दुधीला लुगड्याची किनार फाडून बांधली होती. तपासनिसाने किनारीसकट तो तोडून नेला. तिने आता दुसऱ्याला बांधली आहे. हा अर्ज आपण वाचा की फाडा, तो दुधी वेलावर वाळेपर्यंत राहिला पाहिजे. तो तुटला तर अर्जदार पुढचा अर्ज लिहीत बसणार नाही. कोयता घेऊन येईल.

साहेबांचा, आजपावेतो नम्र,
कमळू बिन नवसू
(सही स्वतःच्या हातची)

तारीख २६ माहे मे, सन १९४४